दीड मूठ मोरचूद

गुरुवारी सकाळी सात वाजता तिने काठीला बांधलेली पांढरी बशी तळ्यात सोडली. रोज ज्या खोलीवर ती दिसेनाशी व्हायची, तिथे आज ती दिसतच राहिली.

काठीवर सेंटिमीटरच्या खुणा होत्या. पन्नासची खूण पाण्याखाली गेली, साठची गेली, पासष्टची गेली. एकाहत्तरवर बशीची कड पुसट झाली. तिने काठी वर घेतली, निथळू दिली आणि पुन्हा सोडली. एकाहत्तरच. मंगळवारी सत्तेचाळीस होते. बुधवारी तिची साप्ताहिक सुट्टी होती.

उद्यानातले सगळे तिला तळेवाली म्हणत. काचघरासमोरचे गोल दगडी तळे आणि त्याच्या कठड्यावरच्या चाळीस कुंड्या एवढा तिचा कारभार. तिच्या आधी एकतीस वर्षे तो तिच्या सासऱ्यांनी सांभाळला होता. त्यांना तळेमास्तर म्हणत, आणि निवृत्त होऊन दोन वर्षे झाली तरी ते नाव त्यांना सोडून गेले नव्हते. ते निवृत्त झाले तेव्हा जागा हंगामी म्हणून तिला मिळाली. गेल्या उन्हाळ्यात पाणी इतके हिरवे झाले की मासे आहेत की नाहीत यावर मुले पैजा लावू लागली. तेव्हा बांधकाम विभागाने प्रस्ताव ठेवला: तळे उपसावे, तळाला फरशी बसवावी, औषध घातलेल्या पाण्याचे कारंजे करावे. कारंज्याला तळेवाली लागत नाही, एक बटण पुरते.

अधीक्षकबाईंनी तिच्यासाठी एक अट मंजूर करून आणली होती. आज दुपारी चार वाजता समिती येईल, बशी पाण्यात सोडली जाईल आणि ती साठ सेंटिमीटरवर दिसली, तर तळे आहे तसे राहील आणि तिची जागा कायम होईल. न दिसली तर फरशी.

आणि आज एकाहत्तर होते. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

कारण तिच्या पद्धतीने पाणी असे उडी मारून स्वच्छ होत नसे. तिची पद्धत शेवाळाला मारण्याची नव्हती, त्याची उपासमार करण्याची होती. माशांना खाणे निम्मे केले होते. पडलेले पान कुजण्याआधी जाळीने काढले जाई. कमळाची पाने वाढू देऊन दोन तृतीयांश पाण्यावर सावली आणली होती. जवाच्या पेंढ्याच्या जुड्या जाळीत बांधून पाण्याच्या तोंडाशी तरंगत ठेवल्या होत्या. धाग्यासारखे शेवाळ ती खरखरीत काठीवर गुंडाळून काढी, पण एका दिवशी एकाच बाजूचे, म्हणजे त्यात राहणाऱ्या बारीक जिवांना पलीकडे सरकायला जागा उरे. कुंड्यांच्या मातीवर साचणारी हिरवी साय काट्याने उकरून तिने वर जाड वाळू पसरली होती, आणि आता त्यांना पाणी वरून न देता खालच्या थाळीतून देत होती. सगळ्यांत मोठा बदल पाण्याचा होता. विहिरीच्या पाण्यात आजूबाजूच्या मळ्यांतले खत उतरत होते, म्हणजे शेवाळाला आयते जेवण. म्हणून दोन वर्षांपासून ती काचघराच्या छपरावरून टाकीत साठवलेले पावसाचे पाणी तळ्यात घालत होती. एवढे सगळे करून महिन्याला पाच-सहा सेंटिमीटर मिळत. वहीत प्रत्येक आकडा होता: नऊ, अकरा, चौदा. सत्तेचाळीसपर्यंत यायला सात महिने लागले होते.

तिने काचेची बरणी बुडवून भरली आणि उजेडासमोर धरली. एरवी बरणीत ठिपक्याएवढ्या पाणपिसवा उड्या मारत असत. तरंगते शेवाळ खाणारा तिचा खरा मजूरवर्ग तो. आज पाणी निश्चल होते. थोडा वेळ धरून ठेवल्यावर बरणीच्या तळाशी राखेसारखी धूळ बसली.

मग तिला गोगलगायी दिसल्या. वीस-पंचवीस तरी असतील. सगळ्या पाण्यातून वर येऊन कठड्याच्या कोरड्या दगडाला चिकटल्या होत्या, उन्हात.

“काय तळेवाली!” फाटकवाला हातात किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. “हिरवा रंग कुणाला विकलास? तळ दिसतोय की! मी आपला फरशीवाल्यांना राहायला कुठली खोली द्यायची याचा विचार करत होतो.”

“काल इथे कोण आलं होतं?”

“काल? शाळेची एक सहल. दोन चित्रकार. तुझे सासरे रोजच्यासारखे दहाला.” त्याने वाकून पाण्यात पाहिले. “अगं, पण हस की जरा. तोंड असं केलंयस जणू कुणी तळंच चोरून नेलं.”

तो गेल्यावर तिने कठड्याभोवती पूर्ण फेरी मारली. पाणी पडते त्या नळीच्या लोखंडी कडीला एक सुती दोरी बांधलेली होती. गाठ पाहताच तिला पुढचे पाहायची गरज उरली नाही. तसा एक वेढा जास्तीचा घेऊन घट्ट आवळलेली गाठ तिने रोज पाहिली होती: घरच्या वाळत घालायच्या दोरीला, पिशव्यांना, नवऱ्याच्या जुन्या दप्तराला. तिने दोरी ओढली. टोकाला जुन्या पंच्याची पुरचुंडी होती, रिकामी. कापडाला निळा-हिरवा डाग होता.

मोरचूद, शेवाळ मारायचे विष.

साडेनऊला सासरे आले, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी. इस्त्रीचा सदरा घातला होता. बाकावर बसून त्यांनी आधी तळ्याकडे पाहिले, मग चष्मा काढून पुसला. चेहऱ्यावरचे समाधान लपवायचा त्यांचा तो जुना मार्ग होता.

तिने ओली पुरचुंडी त्यांच्या शेजारी बाकावर ठेवली.

“राहिलीच होय काढायची,” ते म्हणाले. “म्हातारा झालो.”

“काय होतं यात, बाबा?”

“काय असणार? साखर?”

“किती होतं?”

“दीड मूठ. एकतीस वर्षं दीडच मूठ. कधी एक मासा मेला नाही. काल ऊन चढल्यावर काठीला बांधून तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कडीला अडकवून दिली. तुझी सुट्टी होती.”

“मला विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?” त्यांनी चष्मा लावला. “सत्तेचाळीसवर उभी होतीस तू, सूनबाई. सत्तेचाळीसचे साठ दोन दिवसांत कसे होणार होते? वही दाखवून? तुझी वही चांगली आहे, मी रोज वाचतो. पण समितीला वाचायला वेळ नसतो. त्यांना डोळ्यांना दिसावं लागतं. आता दिसेल.”

हे खरे होते, म्हणूनच तिला ते झोंबले. गेले आठ दिवस जेवताना ती हेच गणित मनात करत होती, आणि समोर बसून मुकाट्याने जेवणारा माणूसही तेच करत होता हे तिला कळले नव्हते. नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, महिन्यातून दोन दिवस घरी यायचा. घरात बोलायला ही दोघेच, आणि बोलणे सगळे तळ्याचे.

“तुमची दीड मूठ विहिरीच्या पाण्याची होती,” ती म्हणाली.

“पाणी ते पाणी.”

“नाही, बाबा. विहिरीचं पाणी जड. तुम्हीच म्हणायचात ना, या पाण्याने किटलीत दगड होतो? तो चुना. मोरचुदाचं विष तो चुना धरून ठेवायचा. शेवाळापुरतं सुटायचं, माशापर्यंत पोचायचं नाही. आता तळ्यात छपराचं पाणी आहे. मऊ. त्यात चुना नाही की काही नाही. त्यात तुमची दीड मूठ म्हणजे…” तिला नेमका आकडा माहीत नव्हता आणि खोटा आकडा सांगायचा नव्हता. “म्हणजे कितीतरी पट.”

तिने बरणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, जरा हलवली, पुन्हा पाहिली. तळाची राख उठली आणि पुन्हा खाली बसली.

“पिसवा गेल्या,” ते हळू म्हणाले.

“सगळ्या. गोगलगायी बाहेर पळाल्यात. आणि मासे बघा.”

मासे नळीच्या तोंडाशी, जिथे थेंब थेंब ताजे पाणी पडत होते तिथे, दाटीवाटीने उभे होते. तोंडे पृष्ठभागाला लावून. एकतीस लाल मासे, आणि एकही पोहत नव्हता.

“आता काय करायचं म्हणतेस?”

“तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा. निम्मं पाणी खडीच्या खड्ड्यात सोडायचं. आणि विहिरीचं पाणी आत घ्यायचं, जड पाणी. तेच हे विष बांधून ठेवेल.”

“आणि गाळ? व्हॉल्व्ह उघडला की तळाचा सगळा गाळ वर येतो. चार वाजता त्यांना काय चिखल दाखवणार?”

ती माशांकडे पाहत राहिली.

“ऐक माझं.” त्यांचा आवाज उतरला, आर्जवी झाला. तिने तो असा कधी ऐकला नव्हता. “चूक झाली. कबूल. पण झाली ती झाली. चार वाजेपर्यंत थांब. बशी दिसेल, कागदावर सही होईल, ते जातील. मग पाच वाजता सगळं तळं उपस, मी बादल्या धरतो. सहा तासांचा प्रश्न आहे.”

“सहा तास मासे टिकतील?”

“काही टिकतील.”

“आणि मेलेलं शेवाळ? ते तळाशी सडायला लागलंय. आज रात्रीत पाण्यातली हवा खाऊन टाकेल.”

“म्हणून तर पाच वाजता उपस म्हणतो. सूनबाई, आज दहा मासे वाचवशील आणि उद्या ते सगळ्या तळ्यावर फरशी बसवतील. कुठला हिशोब हा?”

त्यांचे म्हणणे तिने मनात उलटेसुलटे करून पाहिले आणि ते प्रत्येक बाजूने धड होते. थांबले तर थोडे मरेल आणि बाकीचे कायमचे वाचेल. शिवाय कुणाला कळणारही नव्हते. समितीपैकी कुणी बरणी उजेडाला धरून पाहणार नव्हता.

इतक्यात काचघराच्या बाजूने अधीक्षकबाई आल्या. हातात फायली, मागून येणारा वारा, त्यातच सांभाळलेला चष्मा. तळ्यापाशी येऊन त्या थबकल्या. काठी कठड्याला टेकलेली होती. त्यांनी स्वतःच ती उचलली आणि बशी पाण्यात सोडली.

“अहो, सत्तर!” त्या मोठ्याने म्हणाल्या. मग आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. “सत्तरच्याही पुढे आहे. मला खरं सांगायचं तर आशा नव्हती. बांधकामाच्या त्या अभियंत्यांनी फरशीचे नमुने आणलेत आज, माहीत आहे? पिशवीत घालून आणलेत. आता न्यावेत परत.”

“बाई, मला एक सांगायचं आहे.”

“चार वाजता सांगा. सगळ्यांसमोर सांगा, पद्धत वगैरे सगळं. आणि आता कशालाही हात लावू नका. पान पडलं तरी राहू द्या.”

“बाई, हे पाणी…”

पण त्या वळल्याही होत्या. कुणीतरी कार्यालयाच्या पायरीवरून त्यांना हाक मारत होते. जाता जाता त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिले आणि हसल्या. अधीक्षकबाई सहसा हसत नसत.

सासरे बाकावर तसेच बसले होते. “बघ,” ते एवढेच म्हणाले.

ती कठड्यावर बसली. दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. तिने स्वतःला सांगितले की अकरापर्यंत पाहू. कुंड्यांच्या थाळ्यांत छपराच्या टाकीतले पाणी घालायचे होते, ते तिने घातले. विसावी कुंडी झाली तेव्हा माशांच्या घोळक्यातला एक मासा बाजूला सरकला. मोठा होता, शेपटीला पांढरी कड असलेला. तो वाकडा झाला, सरळ झाला, पुन्हा वाकडा झाला. मग तसाच एका कुशीवर, पोटाचा फिका भाग वर करून, हळूहळू गोल फिरू लागला. कल्ले हलत होते.

तिने झारी खाली ठेवली. अवजारांच्या खोलीतून व्हॉल्व्हची लांब चावी आणली. सासऱ्यांनी तिला येताना पाहिले आणि ते उठून उभे राहिले.

“नोकरी जाईल.”

“हो.”

“तळंही जाईल.”

तिने चावी बसवली आणि दोन्ही हातांनी फिरवली. लोखंड कुरकुरले, मग सैल झाले. तळ्याच्या मध्यभागी पाण्याला एक खळगा पडला आणि त्यातून काळा गाळ धुरासारखा वर चढू लागला. पाच मिनिटांत बशीचा प्रश्न मिटला.

फाटकवाला धावत आला. “अगं, काय करतेस हे! डोकं ठिकाणावर आहे का? स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर…”

“कुऱ्हाड नाही, चावी आहे,” ती म्हणाली. “पाणी खडीच्या खड्ड्यातच जातंय ना बघ, आणि तिकडे कुणाला फिरकू देऊ नकोस.”

विहिरीचा पंप काचघरामागच्या खोलीत होता. दोन वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता. तिने कोळिष्टके बाजूला केली, पंपाच्या वरच्या नरसाळ्यात चार बादल्या पाणी ओतले आणि बटण दाबले. पंप घरघरला. नळीतून थोडे पाणी आले, फुसफुसले आणि थांबले. तिने पुन्हा पाणी ओतले, पुन्हा बटण दाबले. मोटर नुसतीच फिरत राहिली. आवाज चढत गेला, कोरडा, दात एकमेकांवर घासल्यासारखा. खिडकीतून तळे दिसत होते. पाणी एक वीत खाली गेले होते आणि आत काहीच येत नव्हते.

मग बाकाच्या दिशेने आरोळी आली.

“बंद कर! बंद कर, सील जळेल!”

सासरे दारात उभे होते, धापा टाकत. त्यांनी तिला बाजूला सारले नाही, पण ती आपोआप बाजूला झाली. बटण बंद करून त्यांनी पंपाच्या अंगावर तळहात ठेवला, एखाद्याचा ताप पाहावा तसा.

“हवा धरलीय. खाली विहिरीतला फूटव्हॉल्व्ह गळका आहे, दहा वर्षं झाली. वरून ओतलंस तरी खाली पळून जातं. बादली आण. दोन आण. आणि ओतायची थांबू नकोस.”

ती ओतत राहिली. ते कान पंपाला लावून बसले. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर ग्रीसचा पट्टा उमटला. नरसाळ्यात बुडबुडे येत होते. बुडबुडे लहान झाले, विरळ झाले.

“अजून. अजून ओत. थांब.” त्यांनी बटण दाबले आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने झाकण आवळले. घरघर एकदम खोल गेली. तळ्याच्या बाजूला नळी उसळली आणि पाण्याचा जाड लोट कठड्यावरून आत कोसळला.

“पाणी उचललं,” ते म्हणाले. मग तिच्याकडे न पाहता विचारले, “किती मेले?”

“दोन. तिसरा कुशीवर आहे.”

पायातले जोडे काढून त्यांनी विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली, जाळी घेतली आणि सरळ तळ्यात उतरले. दुपारभर ते गाळात उभे राहून तळाशी बसत चाललेले शेवाळ आणि मेलेली घाण जाळीने काढत होते आणि ती टोपल्या भरून वाहत होती. एकमेकांशी ती दोघे फक्त “इकडे”, “धर”, “पंप बघ” एवढेच बोलली. दर अर्ध्या तासाने पंप हवा धरायचा आणि सासरे गाळाचे पाय घेऊन पळायचे. तीन वाजेपर्यंत सहा मासे मेले होते. पंचवीस तळ्यात इकडे तिकडे पसरले होते, कोसळणाऱ्या पाण्याखाली.

चार वाजता समिती आली. पुढे अधीक्षकबाई, मागे अध्यक्ष, उंच, किडकिडीत, हळू चालणारे, आणि त्यांच्या बाजूला पिशवी घेतलेले अभियंते. अधीक्षकबाई काहीतरी सांगत होत्या. तळे दिसताच त्यांचे वाक्य अर्धे राहिले.

पाणी निम्मे होते आणि शेणासारखे काळे होते.

“हे ते?” अभियंत्यांनी विचारले.

“सकाळी एकाहत्तर होतं,” अधीक्षकबाई म्हणाल्या. “मी स्वतः मोजलं. काय झालं इथे?”

“बशी सोडा,” अध्यक्ष म्हणाले.

तिने सोडली. खात्रीसाठी पुन्हा सोडली.

“अकरा.”

अध्यक्षांनी खिशातली डायरी काढून अकरा लिहिले.

“सकाळचे एकाहत्तर माझे नव्हते,” ती म्हणाली. “पाण्यात मोरचूद पडलं होतं. शेवाळ मेलं म्हणून पाणी स्वच्छ दिसत होतं. पण मासेही मरत होते, म्हणून मी ते पाणी सोडून दिलं.”

“मोरचूद कुणी टाकलं?”

तिने उत्तर तयार ठेवले होते. “तळं माझ्या ताब्यात आहे, साहेब. जबाबदारी माझी.”

“मी ते विचारलं नाही.”

“मी टाकलं.” सासरे पंपाच्या खोलीतून आले होते. पोटऱ्यांपर्यंत गाळ, हातात चिंधी. त्यांच्याकडे पाहून अभियंते एक पाऊल मागे सरकले. “तिला न विचारता टाकलं. तिच्या सुट्टीच्या दिवशी. तिची बशी साठला दिसावी म्हणून.” ते थांबले. पुढचा शब्द त्यांना जड गेला हे सगळ्यांना दिसले. “आणि चुकीचं टाकलं. पाणी बदललंय हे मला माहीत होतं, पण मी मूठ बदलली नाही.”

अध्यक्षांनी डायरी मिटली.

“म्हणजे,” अभियंते सावकाश म्हणाले, “या बाई चार वाजेपर्यंत नुसत्या गप्प बसल्या असत्या, तर आपण आता सही करत असतो?”

“हो,” अधीक्षकबाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, आणि कुणावर चिडावे हे त्यांचे अजून ठरत नव्हते.

अध्यक्षांनी वही मागितली. त्यांनी ती वाचली नाही, नुसती पाने उलटली, मग शेवटच्या पानावर बोट ठेवले. तिथे आजच्या तारखेपुढे तिने लिहिले होते: सकाळी ७१, मोरचुदामुळे, धरू नये.

“तुमच्या पद्धतीने अकराचे साठ व्हायला किती दिवस?”

खोटे बोलायची ही शेवटची जागा होती. “गाळ दोन-तीन दिवसांत बसेल, साहेब. पण पिसवा पुन्हा वाढायला हव्यात, आणि विहिरीचं पाणी आत गेलंय, त्यात खत आहे. शेवाळ एकदा उसळून येणार. चार महिने. कदाचित पाच.”

अभियंत्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. समिती कार्यालयाकडे गेली.

वीस मिनिटांनी अधीक्षकबाई एकट्याच परत आल्या, हातात एक कागद. कठड्यावर तो पसरून त्यांनी वाचून दाखवला. जागा कायम करण्याची शिफारस नाही. फरशीचा प्रस्ताव पाच महिने स्थगित. तोपर्यंत तिला हंगामी मुदतवाढ, अट तीच. आणि खाली एक ओळ जास्तीची: अनधिकृत व्यक्तीने तळे व पंपगृह यांजवळ येऊ नये, संबंधित निवृत्त कर्मचाऱ्याचा प्रवेशपास रद्द करण्यात येत आहे.

“ही ओळ नसती तर अभियंत्यांनी सही केली नसती,” त्या म्हणाल्या. “आणि खरं सांगते, मीही केली नसती. इथे तुमची सही.”

तिने पेन घेतले नाही. सासरे जवळच उभे होते, सगळे ऐकत.

“बाई, ते रोज येतात. दहा वाजता. दुसरं काही…”

“कर सही,” सासरे म्हणाले.

“बाबा…”

“कर म्हणतो ना. उजेड जाईल, पाणी भरायचं राहिलंय.”

तिने सही केली. अक्षरे वेडीवाकडी आली.

“उद्यापासून,” अधीक्षकबाई सासऱ्यांना म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा आवाज जरा नरमला. “मास्तर, आज काम पुरं करा. पास सकाळी फाटकावर पाठवून द्या, सूनबाईंच्या हाती.”

त्या गेल्या. उद्यान बंद व्हायला अजून दीड तास होता. ती टोपली उचलायला वाकली, तोच पंपाचा आवाज थांबला आणि पाण्याचा लोट बारीक होऊन तुटला. ती खोलीकडे धावली. सासरे बटणाशेजारी उभे होते.

“हवा धरली?”

“नाही. मी बंद केला.”

“अहो, पण मासे…”

“दहा मिनिटं मासे दम काढतील. अजून तीन दिवस तुला थोडं थोडं पाणी बदलावं लागणार आहे, आणि उद्या मी नाही.” ते कोपऱ्यातल्या उपड्या बादलीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. “चालव.”

तिने नरसाळ्यात पाणी ओतले. बुडबुडे आले. तिने बटण दाबले, आणि पंप कोरडा घरघरला.

“लवकर दाबलंस. बंद कर.”

तिने पुन्हा ओतले. बुडबुडे लहान झाले, विरळ झाले, थांबले. ती बटणाकडे वळली.

“डोळ्यांनी नको. ऐक. बुडबुडे थांबले तरी आत अजून एक गुरगुर असते. ती गेली की.”

ती कान लावून बसली. लोखंड कोमट होते. आत कुठेतरी खोल एक घोट गिळल्यासारखा आवाज होता, मग तोही नव्हता. तिने बटण दाबले, झाकण आवळले. एक क्षण काहीच झाले नाही. मग घरघर खाली उतरली आणि बाहेर पाणी कोसळले.

सासऱ्यांनी मांड्यांखालचे हात काढले नाहीत.

“बंद कर,” ते म्हणाले. “आता पुन्हा. या वेळी मी बाहेर उभा राहतो.”